सेवाग्रामहून दिल्लीला गेलेली राजकुमारी



१५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या देशाचं पहिलं मंत्रिमंडळ झालं. पंडित नेहरू धरून चौदा जण होते. त्यातली दोन नावं तर आपल्या ओळखीचीच: कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पुण्याचे काकासाहेब गाडगीळ. या चौदांत बाई एकच होती. तिच्याकडे आरोग्य खातं होतं. तिचं नाव राजकुमारी अमृत कौर.

आम्ही या भाषणाची तयारी करायला बसलो तेव्हा आमच्यातल्या एकीने पहिलाच प्रश्न विचारला, "राजकुमारी हे पाळण्यातलं नाव की मान?" मान. पंजाबातल्या कपूरथळा संस्थानाच्या घराण्यातली ही मुलगी. पण राजवाड्यात बसून राहिलेली नव्हे. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, मातीच्या घरांत राहिलेली, तुरुंगात गेलेली, आणि तिथून मंत्रालयात पोचलेली. बायकांच्या हक्कांसाठी अर्ज-निवेदनं करणारी बाई एक दिवस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसते, म्हणजे ज्यांच्याकडे आपण निवेदनं घेऊन जातो त्यांच्या खुर्चीत. मग ती काय करते? काय जमतं, काय जमत नाही? आजची गोष्ट त्याची आहे.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८७ चा, लखनौचा. वडील राजा सर हरनाम सिंग. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि राजघराण्यापासून वेगळे झाले. आई बंगाली, ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मुलगी. भावांमध्ये ही एकटी बहीण. लहानपणीच तिला शिकायला इंग्लंडला धाडलं. तिथल्या शाळेत ती हॉकी खेळली, क्रिकेट खेळली, आणि टेनिस तर फारच चांगलं. आपल्याकडे तेव्हा मुलगी न्हातीधुती व्हायच्या आत तिचं लग्न उरकत होते, हे लक्षात घ्या म्हणजे किती वेगळ्या घरातली ही मुलगी ते कळेल. पुढेही त्यांनी लग्न केलं नाही.

परत आल्यावर घरी एक पाहुणे यायचे. आपल्या कोकणातले, पुण्यात राहणारे गोपाळ कृष्ण गोखले. वडिलांचे स्नेही. देशाचा कारभार कसा चाललाय, गरिबी का आहे, याच्या गप्पा घरात चालायच्या आणि ही मुलगी ऐकायची. गोखल्यांकडूनच तिला गांधी नावाच्या माणसाबद्दल कळलं. गोखले १९१५ ला गेले. १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबातलं कुठलंच घर त्यानंतर पहिल्यासारखं राहिलं नाही. अमृत कौर यांच्या मनाने तेव्हाच ठरवलं होतं. पण आईवडील म्हातारे होते, मुलगी एकटी. आई १९२४ ला गेली, वडील १९३० ला. तोवर त्यांना घर सोडता आलं नाही. राजाची मुलगी असली तरी दुखणाईत आईबापांचं करायला घरी कोण राहणार, तर मुलगी. हे वाचून आम्हाला जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं.

पण घरात राहून त्या गप्प बसल्या नव्हत्या. पंजाबात तेव्हा पडद्याची चाल होती, बालविवाह होते, आणि बायकांच्या शिक्षणाचं नाव नव्हतं. त्या या कामात पडल्या. आणि १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात एक मोठी सभा भरली. देशभरातून शिकलेल्या बायका आल्या होत्या. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय होता मुलींचं शिक्षण. यातूनच अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांमध्ये अमृत कौर होत्या, पुढे त्या तिच्या सचिव झाल्या आणि अध्यक्षही.

शिक्षणावर बोलायला जमलेल्या या बायकांना दोन वर्षांत एक गोष्ट कळून चुकली. मुलीचं लग्न दहाव्या वर्षी लावलं तर शाळा काढून उपयोग काय? म्हणून परिषदेने बालविवाहाच्या विरोधात जोर लावला. हरबिलास सारडा यांनी विधेयक मांडलं होतं. त्याच्या बाजूने बायकांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, सदस्यांच्या भेटी घेतल्या. १९२९ ला कायदा झाला: मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. तर लोकांनी काय केलं? एप्रिल उजाडायच्या आत घाईघाईने लहान लहान पोरींची लग्नं उरकून घेतली. कायदा मोडून लग्न लावलं तरी ते लग्न रद्द होत नव्हतं, आणि मुलीचं वय सिद्ध करायला जन्माची नोंद तरी कुठे होती! कागदावरचा कायदा आणि गावातला मांडव यांच्यात किती अंतर असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

त्याच सुमारास दुसरा लढा चालू होता, मताचा. आता मत म्हटलं की आपण वय अठरा झालं का एवढंच विचारतो. तेव्हा तसं नव्हतं. मत कुणाला, तर ज्याच्या नावावर जमीन-मालमत्ता, जो कर भरतो त्याला. सोप्या भाषेत सांगायचं तर सातबारा ज्याचा, मत त्याचं. सातबारा बाईच्या नावावर आजही किती घरांत आहे ते आपल्या गटात हात वर करून बघा. इंग्रज सरकार म्हणालं, ठीक आहे, मालमत्ता असलेल्या माणसाच्या बायकोला मत देऊ. म्हणजे नवऱ्यामुळे मत.

१९३३ ला लंडनला पार्लमेंटच्या समितीपुढे भारतीय बायकांची बाजू मांडायला महिला परिषदेच्या बाजूने तिघी बोलल्या. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी, बेगम शरीफा हमीद अली आणि अमृत कौर. एक हिंदू, एक मुसलमान, एक ख्रिस्ती. बायकांच्या संघटनांचं म्हणणं सरळ होतं. मत माणसाला असतं. बाई कुणाची बायको आहे म्हणून नको, देशाची नागरिक आहे म्हणून पाहिजे. आणि सगळ्या सज्ञान माणसांना पाहिजे. ते काही तेव्हा मिळालं नाही. १९३५ च्या कायद्याने मतदार बायकांची संख्या वाढून सुमारे साठ लाखांवर गेली, पण नवऱ्याच्या मालमत्तेची अट राहिलीच.

त्याच वेळी त्यांचं दुसरंही एक म्हणणं होतं, आणि त्यावर आमच्यात बराच वाद झाला. बायकांना राखीव जागा नकोत, असं त्या म्हणत होत्या. बरोबरीने उभ्या राहू, मेहरबानी नको. त्यात धर्माधर्माप्रमाणे बायकांच्या जागा वाटण्याचा सरकारचा डाव होता, त्यालाही त्यांचा विरोध होता, आणि तो आम्हाला पटतो. पण राखीव जागाच नकोत हे काही पटत नाही. आमच्यातल्या दोघी ग्रामपंचायतीत आहेत. दोघीही राखीव जागेवरून गेल्या. जागा खुली असती तर घरच्यांनी अर्ज तरी भरू दिला असता का, असं त्या विचारतात. लंडनला जाऊन इंग्रजीत साक्ष देऊ शकणाऱ्या बाईला बरोबरीचं मैदान पुरेसं वाटणं साहजिक आहे. सगळ्यांना त्या मैदानापर्यंत रस्ताच नसतो.

वडील गेल्यावर काही वर्षांतच अमृत कौर गांधीजींकडे आल्या. गांधीजी तेव्हा वर्ध्याला होते. मग १९३६ ला ते वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. संतांचं शेगाव वेगळं, हे छोटं खेडं. टपालाचा घोटाळा व्हायचा म्हणून पुढे १९४० ला त्याचं नाव सेवाग्राम झालं. त्या वेळी तिथे धड रस्ता नव्हता, विंचू-साप होते, आणि हिवताप तर घरोघर. खुद्द गांधीजींनाही हिवताप झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. अशा गावात राजाची मुलगी खादी नेसून राहिली, गांधीजींचा पत्रव्यवहार सांभाळू लागली. कित्येक वर्षं त्यांनी गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलं. प्रकृती नाजूक, विदर्भाचा उन्हाळा सोसायचा नाही, म्हणून अधूनमधून सिमल्याच्या घरी जावं लागे. मग दोघांची पत्रं चालायची. गांधीजी थट्टेने पत्राच्या सुरुवातीला त्यांना कधी वेडी म्हणत, कधी बंडखोर, आणि खाली सही करताना स्वतःला जुलमी म्हणवून घेत. ही पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली.

या थट्टेत काही तरी खरं होतं, असं आम्हाला वाटतं. त्या गुरूचं सगळं ऐकणाऱ्या होत्या, आणि तरीही बंडखोर होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

१९३७ ला त्या सरहद्द प्रांतात बन्नूला गेल्या, तिथे राजद्रोहाचा खटला होऊन शिक्षा झाली. १९४२ ला 'चले जाव'च्या वेळी सिमल्याला मिरवणुका काढल्या, लाठ्या खाल्ल्या, पकडल्या गेल्या. आधी तुरुंग, मग स्वतःच्याच घरात स्थानबद्ध.

स्वातंत्र्य जवळ आलं तसं घटना लिहायला संविधान सभा बसली. तिच्यात बायका पंधरा. अमृत कौर त्यात कुठून निवडून आल्या माहीत आहे? मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून. म्हणजे आपलं नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला ज्यात होतं त्या प्रांतातून. पंजाबची बाई विदर्भाची प्रतिनिधी झाली. मूलभूत हक्क ठरवणाऱ्या छोट्या समितीत त्या होत्या, सोबत मुंबईच्या हंसा मेहता होत्या. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य लिहायची वेळ आली तेव्हा या दोघींनी हात वर केला. धर्म 'आचरण्याचं' स्वातंत्र्य असं मोघम लिहिलं तर उद्या पडदा, बालविवाह, देवदासी यांनाही कुणी धर्माचं आचरण म्हणेल आणि त्याविरुद्धचे कायदे कोर्टात अडकवेल, असं त्यांनी लेखी कळवलं. सारड्यांच्या कायद्याच्या वेळी धर्म बुडाला म्हणून ओरडणारे त्यांनी पाहिले होते. म्हणून आज आपल्या घटनेत धर्मस्वातंत्र्याच्या कलमाखालीच, समाजसुधारणेचे कायदे करायला सरकारला मोकळीक राहील, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अशी एक ओळ किती पोरींच्या कामी येते ते मोजता येत नाही.

आणि मत? ते घटनेने सगळ्यांना दिलं, सरसकट, पहिल्या दिवसापासून. पण पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना निराळीच अडचण आली. अनेक बायका आपलं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत. अशी जवळजवळ अठ्ठावीस लाख नावं यादीतून काढून टाकावी लागली. नवऱ्याच्या नावाने मत नको म्हणून लंडनपर्यंत जाऊन भांडलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! त्या स्वतः त्या निवडणुकीत हिमाचलातल्या मंडी-महासू मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

आता मंत्रालयाकडे वळू.

खातं हाती आलं ते कसं होतं? स्वातंत्र्याच्या आधीच सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली होती. १९४६ चा तिचा अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. ब्रिटिश मुलखात तीस कोटी माणसं, आणि नर्सेस सात हजार. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक नर्स. शिकलेल्या सुइणी पाच हजार. दर वर्षी बाळंतपणात सुमारे दोन लाख बायका मरत. हजार बाळं जन्मली तर वर्षाच्या आत दीडशेहून जास्त दगावत. हिवतापाने वर्षाला साडेसात कोटी लोक आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. असलं खातं, आणि वर फाळणी. कुरुक्षेत्राच्या छावणीत लाखो निर्वासित तंबूंत, कॉलऱ्याची भीती, लस नाही, नर्सेस नाहीत. मंत्री म्हणून पहिले महिने यातच गेले.

पण त्याच धामधुमीत, १९४७ च्या डिसेंबरअखेर, एक कायदा झाला. वर्तमानपत्रांना त्याचं फारसं अप्रूप नसेल, पण आम्हाला तो फार मोठा वाटतो. नर्सिंग परिषदेचा कायदा. नर्सचं शिक्षण किती वर्षं, कसं, परीक्षा कोणती, नोंदणी कशी, हे सगळ्या देशासाठी एकसारखं ठरवणारी परिषद त्याने झाली. तोवर नर्सिंग म्हणजे हलकं काम, चांगल्या घरच्या मुलींनी करायचं नाही, रात्रपाळी करणाऱ्या मुलीचं लग्न जमायचं नाही, अशीच समजूत होती. तिला धंद्याचा मान द्यायचा तर आधी तिच्या शिक्षणाला मान पाहिजे. दिल्लीला नर्सिंगचं महाविद्यालय होतं, त्याला त्यांनी बळ दिलं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. बाई मंत्री नसती तर हे झालं नसतं असं आम्ही म्हणणार नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत झालं असतं का, याची शंका आहे.

१९५२ पासून विकास गटागटांत प्राथमिक आरोग्य केंद्रं निघायला लागली, भोर समितीने सुचवलं होतं त्याचं लहान रूप. १९५३ ला हिवतापाची मोहीम सुरू झाली. आमच्यातल्या सासूबाईंना ती आठवते. पाठीला पंप लावलेली माणसं यायची, घरातली भांडी, धान्य, अंथरुणं सगळं अंगणात काढायला लावायची आणि भिंती पांढऱ्या करून जायची. दारावर खडूने तारीख. बायका कुरकुरायच्या, देवघरात फवारू देत नसत, आणि गोठ्यात पण नको म्हणत. पण ताप मात्र गेला. सेवाग्रामात ज्या तापाने गांधीजींना सोडलं नाही तो काही वर्षांत गावोगाव ओसरला. तो पुढे परत आला हे खरं, पण ती नंतरची गोष्ट.

तिसरं काम क्षयाच्या लसीचं, बीसीजीचं. १९४८ ला सुरुवात झाली, मग गावोगाव मुलांना टोचायला पथकं निघाली. याला विरोध कुणाचा व्हावा? चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा. देशाचे माजी गव्हर्नर जनरल, मद्रासचे माजी मुख्यमंत्री, गांधीजींचे व्याही. १९५५ ला त्यांनी या लसीविरुद्ध पुस्तिकाच काढली. लोकांच्या पोटात गोळा आला. अमृत कौर मागे हटल्या नाहीत. मोहीम चालू राहिली.

इथे थांबून एक बघा, मैत्रिणींनो. गांधीजी स्वतः लस टोचण्याच्या विरुद्ध होते. देवीची लसही त्यांना मान्य नव्हती. त्यांनी तसं लिहून ठेवलंय. त्यांच्या आश्रमात राहिलेली, त्यांना गुरू मानणारी बाई मंत्री झाली आणि तिने लाखो पोरांना लस टोचवली. म्हणजे गुरूचं सगळं बरोबर मानलंच पाहिजे असं तिला वाटत नव्हतं. समोर मुलं मरत होती आणि डॉक्टर सांगत होते की लस आहे. तिने डॉक्टरांचं ऐकलं. बंडखोर म्हणत होते ते काही उगीच नाही.

मग दुसऱ्या एका ठिकाणी ती बंडखोर कुठे गेली?

बाईला किती मुलं व्हावीत आणि कधी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हता. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ लाच संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढले, पण 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींशी या विषयावर बोलल्या. गांधीजींचं मत बदललं नाही. साधनं नकोत, संयम पाळा. १९४९ ला मुंबईत धन्वंती रामा राव यांनी कुटुंबनियोजनाची संस्था काढली, आणि १९५२ ला मुंबईतच या विषयाची जगाची परिषद भरली. सरकारनेही पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी पासष्ट लाख रुपये ठेवले. जगात कुठल्या सरकारने तोवर असं केलं नव्हतं.

पण खातं होतं अमृत कौर यांचं. आणि या बाबतीत त्यांनी गुरूचा शब्द सोडला नाही. साधनं त्यांना पटत नव्हती. मग मधला मार्ग काढला: दिवस मोजायचे, दोन पाळ्यांच्या मधले काही दिवस नवराबायकोने लांब राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेकडून एक अमेरिकन डॉक्टर बोलावले, अब्राहम स्टोन. दिल्लीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला प्रयोग झाला. बायकांना मोजता यावं म्हणून मण्यांच्या माळा दिल्या. वेगवेगळ्या रंगांचे मणी, काही धोक्याच्या दिवसांचे, काही बिनधोक. रोज एक मणी पुढे सरकवायचा.

आम्ही हे वाचलं आणि एकमेकींकडे बघितलं. पाळी कुणाची घड्याळासारखी येते? अंगावर पाजणारीची? अर्धपोटी राबणारीची? दिवा नसलेल्या घरात मण्याचा रंग कसा कळायचा? आणि समजा कळला, मणी लाल निघाला, तर दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला माळ दाखवायची का? माळ बाईच्या गळ्यात, आणि हुकूम दुसऱ्याचा. प्रयोग फसला. योजनेतल्या पासष्ट लाखांतले थोडेच खर्च झाले. साधनं मिळायला आणखी वर्षं गेली. त्या वर्षांत सातवं, आठवं बाळंतपण झालेल्या बायका आमच्याच घरांत होत्या. आमच्यातल्या काहींच्या आज्या त्यात गेल्या.

हे आम्ही त्यांची निंदा म्हणून सांगत नाही. त्यांचा हेतू बाईला नवऱ्याच्या भोगाचं साधन होऊ द्यायचं नाही असाच असावा. संयम दोघांनी पाळला तर बाई सुटेल, हा गांधीजींचा विचार त्यांनी मनापासून मानला होता. पण ज्या बाईने लग्न केलं नाही, जिला नको म्हणता येत होतं, तिला नको म्हणता न येणाऱ्या बायकांचं गणित कळलं नाही, असं आम्हाला वाटतं. धन्वंती रामा राव आणि कर्वे यांना ते कळत होतं. त्यांच्या हाती खातं नव्हतं. चळवळीत असताना अमृत कौर यांचं हे मत हे अनेक मतांतलं एक होतं, परिषदेत त्यावर दुसऱ्या बायका बोलू शकत होत्या. मंत्री झाल्यावर तेच मत सरकारचं धोरण झालं, आणि त्याचा भार आमच्या आज्यांनी वाहिला.

१९५० ला जिनीव्हाला जागतिक आरोग्य सभेच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या जागी बसलेली पहिली बाई, आणि आशियातली पहिली व्यक्ती. खेळांची आवड जुनी, म्हणून १९५३ ला खेळाडूंना शिकवण्याची योजना काढली, तिला लोक राजकुमारी योजनाच म्हणायचे. मुलांच्या कल्याणासाठी परिषद काढली, रेडक्रॉसचं काम अनेक वर्षं सांभाळलं.

आणि दिल्लीचं 'एम्स'. आपल्या गावातल्या कुणाचा आजार हाताबाहेर गेला की लोक म्हणतात, दिल्लीच्या एम्सला न्या. ते त्यांचं. न्यूझीलंड सरकारने दहा लाख पौंडांची मदत दिली, तिथून काम सुरू झालं. १९५६ च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकसभेत विधेयक मांडलं. आपल्या मुलामुलींना वरचं डॉक्टरी शिक्षण घ्यायला परदेशी जावं लागू नये, हे आपलं जुनं स्वप्न आहे, असं त्या बोलल्या. एक अट त्यांनी लावून धरली: इथल्या डॉक्टरांनी खाजगी दवाखाना चालवायचा नाही. शिकवायचं, संशोधन करायचं आणि तिथल्याच रोग्यांना बघायचं, राहायचंही तिथेच. सरकारी डॉक्टर दुपारनंतर कुठे भेटतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही अट किती मोलाची ते सांगायला नको. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच.

१९५७ ला त्यांचं मंत्रिपद गेलं. दहा वर्षं झाली होती. नंतर त्या राज्यसभेत होत्या. १९६२ ला आरोग्य खातं पुन्हा एका बाईकडे आलं, आणि तीही सेवाग्रामचीच: डॉ. सुशीला नायर, कस्तुरबांच्या नावाच्या तिथल्या दवाखान्यात राबलेल्या. वर्ध्याच्या त्या एका खेड्यातून देशाला दोन आरोग्यमंत्री मिळाल्या.

१९६४ ला अमृत कौर गेल्या. सिमल्याचं त्यांचं घर, मॅनरव्हिल, जिथे १९४५ ला गांधीजी राहिले होते आणि जिथे त्या स्वतः स्थानबद्ध होत्या, ते त्यांनी आधीच एम्सला देऊन टाकलं होतं. रात्रपाळ्या करून थकलेल्या नर्सेसना सुटीत थंड हवेत चार दिवस विसावा घेता यावा म्हणून.